मी, नानाजींचा लसणकांदा

मी एक जुना लसणकांदा आहे. हसू नका. ‘असं काही नसतंच,’ हे तुमच्या ओठांवर आलं असेल. आजवर ज्याने ज्याने मला पाहिलं तो आधी हेच म्हणाला, मग मला नाकाशी नेलं आणि गप्प झाला. माझी पात लसणासारखी चपटी, गड्डी कांद्यासारखी लाल, आणि साल काढली की आत पाच-सहा जाड पाकळ्या. माझं बोलणंही जरा झोंबणारंच आहे. मित्रांनो, तेवढं सोसून घ्या. गोड बोलायला मी काही ऊस नाही.

माझं वय दहा वर्षं. एवढीशी गड्डी दहा वर्षं कशी जगेल, असं म्हणाल. तर मला बी धरत नाही. माझी पाकळी मातीत रोवायची, तिची गड्डी होते, आणि त्या गड्डीची पाकळी पुढच्या साली पुन्हा रोवायची. मला मूल नाही, नातू नाही. दर साली मीच उगवतो. ज्या साली कोणी एकही पाकळी मागे ठेवली नाही, त्या साली मी संपलो. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

मला नानाजींनी घडवलं. चांदा जिल्ह्याच्या जंगलात एक सरकारी बंगला होता, तिथे ते माळी होते. बंगल्यापुढे साहेबांची फुलं आणि मागे नानाजींचा भाजीचा वाफा. “कांद्याले बी धरते, मंग लसणाले काऊन नाई धरत?” हा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला होता. एखाद्या लसणाला फुलाचा दांडा आला की ते त्याच्यापाशी उकिडवे बसत. दांड्याच्या बोंडात फुलांबरोबर बारीक गाठी येतात आणि त्याच फुलांचं बळ खातात. नानाजी बाभळीच्या काट्याने त्या गाठी एकेक टिपून काढत. मग कोंबड्याचं पीस कांद्याच्या फुलावर फिरवून लसणाच्या फुलावर फिरवत. गावात थट्टा चाले, “नानाजी कांद्या-लसणाचं लगन लावून राह्यले!” नानाजी म्हणत, “लावतो ना बापू. तुमाले जेवाले बलावतो.”

सहा वर्षं काही झालं नाही. सातव्या वर्षी तीन काळे दाणे मिळाले, त्यातला एक रुजला. तो मी. शास्त्र काय म्हणतं ते मला ठाऊक नाही, नानाजींनी सांगितलं तेच मी तुम्हाला सांगतो.

नानाजींची लेक वच्छला लग्न होऊन चिमूरकडच्या एका गावात गेली, तेव्हा त्यांनी तिच्या ओटीत तांदळाबरोबर माझ्या दोन गड्ड्या घातल्या. वर चारचौघांत म्हणाले, “माह्याजवळ सोनं नाई वं. हे ने. फकत एक ध्यानात ठेवजो, दरसाल पाकळी मांगं ठेवजो. हा आपल्या मनानं उगवत नाई, याले माणसाचा हात लागते.” पुढच्याच साली नानाजी तापाने गेले. बंगल्यावर नवा माळी आला, त्याने माझा वाफा खणून तिथे शोभेची झाडं लावली. आता मी फक्त वच्छलाच्या घरामागच्या कुंपणात उरलो. आमच्याकडे त्या जागेला सांदवाडी म्हणतात. तिथे वालाचा वेल, चार वांगी, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ आणि मी.

तिथल्या पहिल्या चार वर्षांत माझं कौतुक फार झालं. वच्छला दिवाळीनंतर पाकळ्या रोवायची. मुठीत राख घेऊन प्रत्येक पाकळीवर चिमूट चिमूट टाकायची. फाल्गुनात गड्ड्या काढून थोड्या शिजवायची आणि चांगल्या वेगळ्या ठेवायची. तिचा नवरा लटारू अगदी अबोल, पण माझ्या पातीची चटणी असली की एक भाकर जास्त खायचा. शेजाऱ्यांना तिने बियाणं म्हणून मला वाटलंही. लोकांनी दुसऱ्याच दिवशी फोडणीत घातलं, आणि वर येऊन विचारलं, “आनखी हाय का वं?”

एक अडचण मात्र दर साली यायची. वच्छलाची सासू सुगंधाबाई माळकरी होती. आषाढी एकादशीपासून चार महिने तिच्या घरात कांदा नाही, लसूण नाही. त्याआधी येते कांदेनवमी. त्या दिवशी घरातला कांदा-लसूण भाजीत, भज्यांत घालून एकदाचा खाऊन संपवायचा. आणि माझं बियाणं तर नेमकं तेच चार महिने जपून ठेवायचं असतं! सुगंधाबाई म्हणायची, “घरात नोको.” वच्छला म्हणायची, “आत्याबाई, हा कांदाबी नाई, लसणबी नाई.” “मंग वास कायचा येऊन राह्यला? मोगऱ्याचा?”

शेवटी तोड निघाली. जंगलालगत गोंडांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती होती, तिथली सोमारी मोहफुलं घेऊन गावात यायची, तिची वच्छलाशी गट्टी होती. नवमीच्या आधी माझ्या गड्ड्या फडक्यात बांधून तिच्याकडे जायच्या आणि कार्तिकात परत यायच्या. चार महिने मी तिच्या चुलीवर धुरात टांगलेला असायचा. सोमारी मला ‘पावना’ म्हणायची. तिने दोनदा मला तिच्या कुंपणात लावूनही पाहिलं, दोन्ही वेळा साळिंदराने उकरून फस्त केलं. तेव्हापासून ती नुसती राखण करी आणि मोजून परत देई.

सन एकोणीसशे सत्तावन्नच्या आषाढात वच्छलाची मुलगी कमळा वर्षाची होती. नुकती भिंत धरून उभी राहायची. तिला खोकला झाला, मग ताप, मग छाती भरली. श्वास घेताना तिच्या बरगड्या उडत. सुगंधाबाईच म्हणाली, “लसणाची पाकळी बांध गळ्यात. औषधाले दोष नसते.” घरात लसूण संपला होता. वच्छलाने शिंक्यातून माझी गड्डी काढली आणि सगळ्यांत जाड पाकळी निवडली. सुई हातात घेतली, पण टोचवेना. “बी हाय ते,” असं पुटपुटून तिने माझ्या शेंड्याच्या वाळक्या सालीला काळा दोरा गुंडाळला. मग मी कमळाच्या गळ्यात गेलो. तिचा ताप मला लागत होता. तिने एकदा मला मुठीत धरलं आणि तोंडात घालायला पाहिलं.

बाकीचा मी शिंक्यातच होतो. सोमारीकडे मला पोचवायचं त्या गडबडीत राहून गेलं. लेकरू मांडीवरून खाली ठेवलं की गुदमरायचं, त्यामुळे वच्छला दोन दिवस जागची उठली नव्हती.

आता सुगंधाबाईचं ऐका. ती वाईट नव्हती. नातीवर तिचा जीव होता. पण भ्यालेला माणूस देवाशी हिशेब करायला लागतो. तिच्या मनाने घेतलं, की चार साल आपण देवाला फसवलं. कांदा घराबाहेर काढल्याचं सोंग केलं, दुसऱ्याच्या चुलीवर टांगला आणि पुन्हा घरात आणला. त्याचीच ही शिक्षा. नवमीच्या सकाळी ती देवापुढे बसून म्हणाली, “पांडुरंगा, या साली पाकळीबी मांगं ठेवत नाई. माही नात वाचव.” मग उठली आणि शिंकं खाली घेतलं.

मित्रांनो, विळीवर आणि कढईत माझं काय झालं ते मी सांगणार नाही. त्या दिवशी घराघरांतून कांद्याचाच वास येत होता, म्हणून वच्छलाला संशय आला नाही. सुगंधाबाईने ताट तिच्यापुढे आणून ठेवलं. “दोन दिवसाची उपाशी हायस. खाऊन घे, मी धरतो लेकराले.” वच्छलाने भाकरीचा तुकडा मोडला आणि घास घेतला. दुसऱ्या घासाला तिचा हात थांबला. ही चव जगात एकाच वाफ्याची होती.

“आत्याबाई, शिंक्यातलं काढलं का?”

“काढलं. समदं काढलं. नवस केला म्या.”

“बी होतं ते.”

“लेकरापक्षा मोठं हाय का बी?” सुगंधाबाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

वच्छलाने ताट पुढे ओढलं. ताटातला एक कणही तिने टाकला नाही. बोटं चाटूनपुसून खाल्लं, हात धुतला आणि कमळाला परत मांडीवर घेतलं. मग गळ्यातल्या मला तिने चाचपून पाहिलं. आता एवढाच उरलो होतो मी.

दशमीला लटारूने गाडी जुंपली. दवाखाना चिमूरला आणि वाटेतल्या नाल्याला पूर. काठावर दुपारपर्यंत थांबून गाडी माघारी आली. द्वादशीला सकाळी, सुगंधाबाई एकादशीचं पारणं करायच्या आत, कमळा गेली.

सोमारी धावत आली. आंघोळ घालताना तिचा हात दोऱ्याकडे गेला. तिने हळूच विचारलं, “वच्छला, एवढीच पाकळी राह्यली ना? काढून ठेवू?” सुगंधाबाईने पदर तोंडात धरला. मी मनातून ओरडत होतो, काढ! माझा जीव असा स्वार्थी, मित्रांनो. वच्छला म्हणाली, “राहू दे. तिचा आज्या हाय तो. तिनं त्याले पाह्यलं नाई, तो तिच्या संग जाईन. एकटी कशी धाडू?”

लहान लेकरांना आमच्याकडे पुरतात. नाल्याच्या वर मुरमाड जागा आहे, तिथे पुरुष गेले. गावातल्या म्हाताऱ्या सुकलूने खड्डा केला आणि सांगितलं, बांधलेला दोरा मातीत जाऊ देत नाहीत, तोडून फेक. लटारूने दोरा तोडला, पण त्याच्याने मला फेकवेना. खड्डा बुजवून झाल्यावर त्याने उशाशी बोटाने माती उकरली, मला तिथे ठेवलं आणि वर सपाट दगड कलता टेकवला. भोवती काट्या रचल्या. घरी जाऊन तो कोणाला काही बोलला नाही.

मी पावसाळाभर तिथे पडून होतो. जागा मुरमाची म्हणून पाणी थांबलं नाही, नाहीतर मी कुजलोच असतो. काट्यांमुळे साळिंदर आलं नाही. आश्विनात हवा गार झाली आणि मला कोंब फुटला. मला ते नको होतं. खाली ते लेकरू, आणि मी हिरवा होऊन वर निघालेला! पण कोंब कोणाला पुसून फुटत नाही.

सरपण घेऊन जाताना सोमारीने दगडाच्या कडेला पात पाहिली. तिने वाकून वास घेतला, मोळी तिथेच टाकली आणि थेट वच्छलाकडे गेली. “पावना आला,” एवढंच म्हणाली. वच्छलाने लटारूकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि सगळं सांगितलं.

ती उठली तेव्हा सुगंधाबाई दारात उभी राहिली. “बाईमाणसानं तिथं जात नाई, वच्छला. अन् तिथलं काई घरात येत नाई.”

“घरात कोन आनून राह्यलं?” वच्छला म्हणाली. “पाणी घालून येतो.”

सुगंधाबाई बाजूला झाली.

तेव्हापासून दोन वर्षं झाली, मी इथेच आहे. सांदवाडीतला माझा वाफा रिकामा आहे, त्यात वच्छला दुसरं काही लावत नाही. इथे मला कोणी काढत नाही, त्यामुळे एका पाकळीचा आता दाट झुबका झाला आहे. गर्दीत माझ्या गड्ड्या बोराएवढ्याच राहतात. मी खाण्यासाठी जन्मलो होतो. नानाजींनी सात वर्षं उन्हात बसून मला घडवलं ते कोणाच्या तरी भाकरीवर यावं म्हणून. आता मला कोणी कधी खाणार नाही, हे मला कळतं आणि वाईटही वाटतं. का वाटू नये?

गेल्या पौषात सुगंधाबाई एकटीच आली. काठी टेकत, हातात पाण्याचा लोटा. त्या नवमीपासून तिने कांदा-लसूण बाराही महिने सोडला आहे, हे ती गावात कोणाला सांगत नाही, पण सोमारीला ठाऊक आहे. ती दगडाशी बसली. मग माझ्या पातीवरून हात फिरवत म्हणाली, “इवाई, चुकलं माह्यं. पोट्टीले एकटी नोका सोडू.” व्याह्यांना आमच्याकडे इवाई म्हणतात. ती नानाजींशी बोलत होती.

तिने लोटा माझ्या मुळाशी ओतला. तिला मी माफ केलं की नाही, ते मलाही सांगता येत नाही. एका शब्दाने विचारलं असतं तर सगळं वाचलं असतं. निदान मी तरी. पण पाणी मी प्यालो.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी फडक्यात काही बांधून टांगलं असेल, तर ते कशाचं आहे हे विचारल्याशिवाय चुलीवर चढवू नका. आणि बोरं वेचायला तुम्ही नाल्याच्या वर आलात, दगडाजवळ हिरवा झुबका दिसला, लसणाचा वास आला, तर उपटू नका. मी जुना आहे, चवीला चांगला आहे, हे सगळं खरं. पण खाली कमळा आहे, आणि तिच्याजवळ माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही.