सुलाबाईच्या रानातला रस्ता

ताडकळस रोडच्या फाट्यावर उतरलं की गावापर्यंत डांबरी रस्ता आहे, पण मध्येच तो तुटायचा. तुटायचा तो नेमका सुलाबाईच्या रानापाशी. एक एकर काळं रान, तेही नवऱ्यानं, पंडितनं, दुसऱ्याच्या बांधावर हाडं झिजवून घेतलेलं. खरं तर रस्ता शेजारच्या दत्तरावांच्या उसातून सरळ जायचा होता. पण एवढ्या मोठ्या बागायतदाराला कोण दुखवतंय? मोजणीवाले त्यांच्या ओसरीवर चहा प्याले आणि रस्ता पंडितच्या रानात वळला.

सुलाबाई आडवी झाली. "आदी माज्यावरून न्या, मंग रानातून न्या," म्हणाली. ठेकेदार दोन्हीकडून डांबर ओतून निघून गेला. मधल्या गाडवाटेत पावसाळ्यात मोटारसायकलीसुद्धा रुतायच्या आणि चिखल तुडवणारं अख्खं गाव सुलाबाईच्या नावानं बोटं मोडायचं. दत्तरावांच्या नावानं एकानंही मोडली नाहीत. गाव असलंच असतं, मेलं.

त्या पावसाळ्यात लेक पिंकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. भरदुपारी कळा सुरू झाल्या. फोन केल्यावर दवाखान्याची गाडी आली खरी, पण चिखलाच्या पलीकडं थांबली. पुढं आली असती तर तिथंच रुतली असती. वस्तीतली धडधाकट माणसं पूर्ण्याला कामावर गेलेली. पंडित आणि सुलाबाईनं पिंकीला बाजेवर घालून कसंबसं डांबर संपतं तिथवर आणलं. पुढं दोघांचं बळ पुरेना, पाय गुडघ्यापर्यंत आत जायलेले.

तिथंच ओढ्याच्या पुलाच्या कठड्यावर गावातले चारपाच जण बसले होते. एकही उठला नाही. बाजूला दत्तराव आपल्या ट्रॅक्टरवर बसलेले.

"मालक, तेवढं पल्याड न्या की," पंडित म्हणाला.

"तुज्या रानात माजं ट्रॅक्टर कसं घालू, पंड्या? तुजी बायको आडवी पडंल."

कठड्यावरची माणसं हसली. सुलाबाईनं त्यातल्या एकेकाचं तोंड बघून घेतलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा ती दत्तरावांच्या पायाशी वाकली. "लेकरू हाय माजं. चुकलं असंल तर मला मारा, पण हिला न्या."

"नेतो की. न्हाई कोण म्हणतंय? आदी चारचौघात रस्ता दे."

बाजेवर पिंकी पदराचा बोळा दातांत धरून तळमळत होती. पंडितनं हात जोडले. "घ्या मालक. दिलं."

किती दिलं, कुठून कुठवर दिलं, काही बोलला नाही. पोटच्या पोरीचा जीव चाललेला असताना बापाला मोजमाप सुचतंय होय?

एवढ्यावर तरी निघावं ना माणसानं! पण नाही. दत्तरावांनी कठड्यावरच्या एकेकाला विचारलं, "ऐकलं का रे?" एकेकाकडून 'व्हय' म्हणवून घेतलं. मग चंची काढली, तंबाखू मळली, चुना लावला, दाढेला धरली. तेव्हा कुठं चावी फिरवली.

परभणीच्या दवाखान्यात पिंकी वाचली. बाळ गेलं. मुलगा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा आधी आणलं असतं तर. सुलाबाईनं कपाळाला हात लावला नाही की नशिबाला बोल लावला नाही. बाळ कुणी मारलं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

पिंकीला चार दिवस ठेवून घेतलं. जवळ तिची सासू थांबली आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं बाळ मांडीवर घेऊन पंडित आणि सुलाबाई जीपनं गावाकडं निघाली. तान्ह्या लेकराला आपल्याच रानात पुरायचं, ही रीत.

जीप रानापाशी आली आणि न थांबता पुढं निघाली. एक धक्का बसला नाही. "थांब बाबा," म्हणत सुलाबाई उतरली. दत्तरावांच्या जेसीबीनं कालपासून सोयाबीन उलथून मुरूम दाबला होता. रस्ता, दोन्हीकडं नाल्या, वर गाड्या वळवायला ऐसपैस जागा. दत्तरावांचा बांध जागच्या जागी होता. पंडितच्या एकरातून त्या बांधाच्या कडेला बाजेएवढी पट्टी तेवढी उरली होती.

"एवढं न्हवतं दिलं, मालक," जेसीबीपाशी उभ्या दत्तरावांना पंडित म्हणाला.

"दिलं म्हणालास. किती, ते म्हणाला न्हाईस," दत्तराव म्हणाले. "इचार ह्यांना."

ह्यांनी, म्हणजे कठड्यावरच्या त्याच माणसांनी, माना डोलावल्या.

"मंग ह्याला कुठं पुरू?" सुलाबाईनं उराशी घेतलेलं कापड दोन्ही हातांनी पुढं धरलं.

दत्तरावांनी कापडाकडं बघितलं, मग नव्या रस्त्याकडं. "पुर की कडंला. आमी कुठं न्हाई म्हणालो?"

बाळ पंडितकडं देऊन सुलाबाई त्या पट्टीवर बसून बांधावरच्या खुरप्यानं माती उकरू लागली. मुरुमावरून गावातल्या मोटारसायकली सुसाट जाऊ लागल्या. कठड्यावर बसून हसलेल्यातलाच एक जण मागून आला, त्यानं हॉर्न दिला आणि म्हणाला, "मावशे, जरा आत सरक, गाडी लागंल."

ती सरकली नाही. आत सरकायला तिच्या पुढं फक्त दत्तरावांचा ऊस होता.