पालथा

आमच्या वर्गातला सगळ्यात अनुभवी विद्यार्थी म्हणजे आजोबा. वय चोवीस. बरोबरचे पुढे गेले, हा बाकावर टिकून राहिला, म्हणून हे नाव. यंदा प्रोजेक्ट बुडाला की कॉलेज त्याला कायमचं घरी पाठवणार होतं. प्रोजेक्टला जोडीदार मी. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

आम्ही विमानाचा पंख केला होता, हातभर लांब, फोमचा. तो विंड टनेलमध्ये बसवायचा. विंड टनेल म्हणजे एका टोकाला मोठा पंखा असलेली लांबोडकी पेटी. वारा सोडला की पंख वर उचलला जायला हवा आणि काट्यावर तो जोर दिसायला हवा. आमचा पंख खाली बसत होता. वारा वाढवला की रुसलेल्या आत्यासारखा आणखी बसायचा.

सर प्रोजेक्ट तपासायला यायच्या आधी आजोबाच्या आईचा फोन आला.

"पंखा झाला का रे दुरुस्त?"

"आई, पंख. पंखा नाही."

"एक काना काढायला एवढी वर्षं लागतात?"

फोन ठेवून आजोबाने आपल्या चपलांकडे पाहिलं. "तिला काय सांगू रे?" म्हणाला.

मी उपाय काढला. "आकड्यांना उणे एकने गुणू. खालचं वर होईल. इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच."

"नको. नापास व्हायचंच असेल तर खऱ्या आकड्यांनी होऊ."

असली तत्त्वं असली की माणूस वर्गात टिकून राहतोच.

सर आले. काटा पाहिला. उणे. वारा वाढवला. आणखी उणे. चष्मा काढून त्यांनी आजोबाकडे पाहिलं. चिडलेले नव्हते, दमलेले होते.

"किती वर्षं शिकवतोय तुला. पालथ्या घड्यावर पाणी."

आजोबाने मान खाली घातली. मग ती हळूच वर आली.

"सर, पुन्हा म्हणा."

"काय?"

"पालथा." तो पेटीच्या काचेला नाक लावून उभा होता. "रंग वाळायला पंख पालथा ठेवला होता. तसाच उचलून बसवला. फुगीर बाजू खाली आहे."

रंग वाळायला ठेवणारा मी होतो. मी छताचा बारकाईने अभ्यास सुरू केला.

आजोबाने पंख उलटवून बसवला, स्क्रू आवळले. सरांनी स्वतः वारा सोडला. काटा थरथरला आणि अधिककडे सरकत गेला. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"घडा सुलटा झाला म्हणायचा," ते म्हणाले आणि सही करायला पेन शोधू लागले. पेन माझ्याकडे होतं. प्रोजेक्टला माझा तेवढा हातभार लागला.

आजोबाने तिथूनच घरी फोन लावला.

"आई, पंख वर गेला."

"आणि पंखा?"

"चालू आहे."

"मग तो बंद कर," आई म्हणाली, "आणि ये आता घरी."