नियंत्रित गटातली रुक्साना

मार्चातल्या त्या गुरुवारी वृषाली जुन्नरच्या स्टँडवर उतरली, तेव्हा तिच्या पिशवीत शेवटची चाचणी होती. सोळापैकी पंधरा मुलं झाली होती. ही एक उरकली की सुटले, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पाय सकाळपासूनच दुखत होते.

वारूळवाडीची वृषाली फिरती विशेष शिक्षिका होती. नऊ शाळा, एकतीस मुलं, आणि सगळा कारभार एसटीच्या भरवशावर. त्यातच तिने पुण्याला एम.फिल.साठी नाव घातलं होतं. विषय होता स्वमग्न मुलांचा. कुणाला घरचे येडं म्हणत, कुणाला मुकं. अशी सोळा मुलं तिने गावोगाव हिंडून शोधली होती. आंबेगाव तालुक्यातल्या आठांना ती सहा महिने चित्रांची कार्डं देऊन हवं ते मागायला शिकवत होती. जुन्नरच्या आठांना काहीच शिकवायचं नव्हतं. सप्टेंबरात एक चाचणी, मार्चात पुन्हा तीच. याला नियंत्रित गट म्हणतात. शिकवलेल्या मुलांत फरक पडला की नाही, ते न शिकवलेल्यांशी ताडून बघायचं.

नऊ वर्षांची रुक्साना या दुसऱ्या गटात होती. तिचा बाप वजीर गाद्या भरायचा, आई नसीम रजयांच्या खोळी शिवायची. पुढच्या खोलीत कापसाची धूळ तरंगत होती. नसीमने सतरंजीवरचा पसारा बाजूला सारला. "बसा, ताई. च्या ठेवते."

"नको, आधी हे करून घेऊ," वृषाली म्हणाली.

सातवा प्रश्न मागण्याचा होता. पाण्याचा पेला मुलाला दिसेल पण हाताला लागणार नाही असा ठेवायचा आणि एक मिनिट थांबायचं. सप्टेंबरात रुक्सानाने किंचाळून स्वतःचं मनगट चावलं होतं. वृषालीने पेला कपाटावर ठेवला, घड्याळ लावलं आणि शून्य लिहायला पेन उघडलं.

रुक्साना उठली. भिंतीवरच्या दोरीला कापडाचे चौकोन पिनांनी लावले होते. त्यातला एक तिने ओढून काढला आणि वृषालीकडे न बघताच तिच्या हातात कोंबला. निळ्या कापडावर पांढऱ्या चिंधीचा पेला शिवलेला होता.

वृषालीने तिला पाणी दिलं. घड्याळ बंद करायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

"हे कुणी शिकवलं?"

"मीच," नसीम म्हणाली. "अपंगाच्या दाखल्याच्या कॅम्पला महाळुंग्याच्या कुशाबाई भेटल्या. त्यांच्या नातीला, श्रेयाला, तुमी कार्डं देता ना? त्यांनी सगळं सांगितलं. मी पुठ्ठ्याची केली, तर ही चावून लगदा करायची. मग कापडाची केली. कापड चावलं तरी धुता येतं."

श्रेयाची कार्डंही चावून चावून फाटली होती. वृषालीने ती तीनदा नवी केली होती. कापडाचं तिला सुचलं नव्हतं.

"ताई, एक विचारू?" नसीमचा आवाज साधाच होता. "तिकडं तुमी आठवड्यातून दोनदा जाता. हितं सहा महिन्यांनी आलात. आमचं काय चुकलं व्हतं का?"

वृषालीने गटांचं समजावून सांगितलं. आपलंच बोलणं ऐकताना तिला लाज वाटत होती, पण मध्येच थांबता येईना.

"मंजे मुद्दाम ठिवली व्हती, तशीच," नसीम म्हणाली. ती चिडली नाही. उठून चहा ठेवायला गेली.

पुण्यात मार्गदर्शक मॅडमनी तक्ते पाहिले आणि रुक्सानाच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही केस बिघडली. नियंत्रित गटाला उपचार मिळाला. वगळा."

"मॅडम, पण आईने घरच्या घरी केलं. हेच लिहिण्यासारखं नाही का?"

"असेल. पण तुमचा विषय तो नाही. पुढं कधीतरी वेगळा करा."

वृषालीला वाद घालायचा होता. पण साडेपाचची नारायणगाव गाडी चुकली तर रात्र होणार होती, आणि लघुप्रबंध जूनच्या आत द्यायचा होता. तिने सोळाचे पंधरा केले. एका विद्यार्थिनीची माहिती अपरिहार्य कारणाने वगळली आहे, एवढं वाक्य तळटीपेत गेलं. निष्कर्ष चांगले आले. ऑगस्टात तोंडी परीक्षाही झाली. कापडाचं कुणी विचारलं नाही, तिनेही काढलं नाही.

तोंडी परीक्षेनंतरच्या पहिल्याच गुरुवारी ती जुन्नरला गेली आणि नसीमला खरं ते सांगून टाकलं. नसीम सुईत दोरा ओवत होती.

"मंजे तुमच्या पुस्तकात हिचं नाव न्हाई."

"नाही."

"नावाचं ऱ्हाऊ द्या. आता तरी शिकवायला येणार का? भूक लागल्यावर भाकर मागते ती. पन पोट दुखतंय, ते कसं दाखवायचं, ते मला जमंना. दोन रात्री नुसती रडत व्हती."

वृषालीने मनात वार मोजले. सोमवारी राजुरी, मंगळवार-बुधवार घोडेगावकडं. श्रेयाकडं जाणं तर मार्चातच सुटलं होतं. कुशाबाईंनी तेव्हा फक्त विचारलं होतं, आता कधी येणार.

"गुरुवारी दुपारी येईन. दर गुरुवारी जमेलच असं नाही."

"जमंल तवा या."

उरलेल्या पावसाळ्यात तिला चार गुरुवार जमले. दोनदा गाडीच आली नाही, एकदा ती स्वतः तापाने पडून होती. चौथ्या खेपेला नसीमने लाल चिंधीचं पोट शिवलेलं कापड दाखवलं आणि नीट झालंय का विचारलं. वृषालीने ते हातात घेऊन पाहिलं. रंग जरा भडक होता. "फिकट घ्या," ती म्हणाली, आणि चपला काढून सतरंजीवर बसली.