नाळेवरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. तुम्ही मला ओळखणार नाही, कारण माझ्या पोटात माती भरून शोभेची झाडं लावली आहेत. पण कळव्याच्या खाडीतून मी कितीतरी वर्षं मासळी आणली आहे.

कोळीवाड्यातल्या दामाजीने मला चांगल्या सागातून घडवून घेतलं. तो गेल्यावर त्याचा मुलगा चंदू मला वल्हवू लागला. नारळी पौर्णिमेला दामाजीची बायको मनुबाई माझ्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावायची. त्या नाळेवर हात ठेवून आमच्या वाड्यात कुणी खोटं बोलत नसे.

शहाऐंशी साली चंदू महापालिकेच्या निवडणुकीला अपक्ष उभा राहिला. खाडीत भराव टाकायला बिल्डर टपले होते. भराव पडला की आमचं बंदर संपलं. चंदूला निशाणी मिळाली होडी! मग काय, मला ट्रकवर चढवून गल्लोगल्ली मिरवलं. काय तो माझा तोरा! शेवटच्या सभेत मनुबाईने त्याचा हात माझ्या नाळेवर ठेवला.

"बोल. तुज्या बापाची होरी हाय ही."

"आये, या होरीची आन. बंदरावर मातीची एक पाटी पन टाकू देनार नाय."

लोकांनी भरभरून मतं दिली. चंदूचे चंदूशेठ झाले, मोठ्या पक्षात गेले, सभापती झाले. बंदरावर येणं मात्र थांबलं. आणि एका सकाळी मातीचे ट्रक आले. मनुबाई पहिल्याच ट्रकला आडवी झाली. चंदूशेठ गाडीतून उतरले.

"आई, असं काय करतेस? विकास व्हायला नको का?"

"आई?" म्हातारी त्यांच्याकडे बघतच राहिली. "माजा चंदू मना आये बोलतो. तू कोन रं?"

"हिला बाजूला घ्या रे," ते आपल्या माणसांना म्हणाले.

माझ्या डोळ्यांदेखत ट्रक रिकामा झाला. त्या दिवशीचा संताप अजून माझ्या फळ्यांतून गेलेला नाही. पुढे तिथे इमारती उठल्या. फाटकाशी मला रंगवून बसवलं आणि तळाला भोकं पाडली.

मनुबाई अजूनही पौर्णिमेला नारळ घेऊन येते. खाडी कुठे राहिलीय? तो नारळ ती माझ्यातल्या मातीत ठेवते आणि नाळेवर हात ठेवून उभी राहते.

मित्रांनो, जुन्या होडीची काळजी घ्या, असं मी सांगणार नाही. होडीची शपथ घेणाऱ्यावर लक्ष ठेवा, मत दिल्यानंतरही ठेवा. माझं काय, रोज सकाळी माळी माझ्यात झारीभर पाणी ओततो. तेवढंच पाणी आता माझ्या वाट्याला येतं, आणि तेही भोकांतून निघून जातं.