आठव्या खणातली पत्रे

मित्रांनो, भाईंदर पूर्वेतल्या एका तळमजल्यावर, ओल आलेल्या भिंतीला टेकून उभे असलेले आठ खणांचे जुने कपाट ते मी. १९८८ साली जवळच्या मुर्धा गावच्या धाकू सुताराने मिठागराच्या कोठीच्या फळ्यांतून मला घडवले. घर एका संस्थेचे होते. स्वतःच्या घरी राहू न शकणारी सात मुले आणि त्यांना सांभाळणाऱ्या वैजयंतामावशी तिथे राहत.

"सात पोरांचे, आठवा तुमचा," धाकू म्हणाला. "पन कुलूप लावू नका. मग घराचं हापिस व्हतं."

मावशींना ते पटले. मुले आपापला खण स्वतः आवरत. पाहुणे म्हणत, अगदी घरासारखे आहे. मग मुलांतला उदय पुटपुटे, "घरासारखं काय? घरच आहे." ते ऐकून मला धन्य वाटे.

नऊ वर्षांची पंचशीला आली तेव्हा तिची आई क्षयाने लांबच्या दवाखान्यात होती. तिचे पत्र आले, दिवाळीला न्यायला येते. पोर नवा फ्रॉक घालून दिवसभर पायरीवर बसली. आई आली नाही. मे महिन्यातही तसेच झाले. तेव्हा पंचशीला चार दिवस धड जेवली नाही.

पुढचे पत्र मावशींनी तिला दिलेच नाही. आई प्रत्यक्ष आली की देऊ, असे ठरवून त्यांनी ते आठव्या खणात साड्यांखाली ठेवले. दुसऱ्याचे पत्र फोडू नये, म्हणून फोडलेही नाही. अशी सहा साठली. पंचशीला शाळेतून आली की विचारी, पत्र आले का? मावशी नाही म्हणत आणि तिच्या ताटात गरम भाकरी वाढत. मला सारे ठाऊक होते. मी गप्प राहिलो, कारण लाकडाला दुसरे काही येत नाही.

दीड वर्षाने आई गेल्याचा निरोप आला. मावशींनी स्वतःच सहाही पत्रे काढून पंचशीलाच्या मांडीवर ठेवली. तिने एकेक फोडले. शेवटचे दोनदा वाचले.

"मावशी, यात तुमचं नाव आहे," ती म्हणाली. "आईनं लिहिलंय, मला आता उठवत नाही, तूच ये. वैजयंताबाईंना सांग, त्या आणतील."

मावशी खाली बसल्या. "तू परत जेवणार नाहीस, याची भीती वाटली गं."

"नसते जेवले. पण आईकडे गेले असते."

त्या संध्याकाळी तिने आपले कपडे माझ्यातून काढले आणि खाटेखाली खोक्यात ठेवले. दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत ते तिथेच राहिले. मावशींशी ती नीट बोले, हाताखाली कामही करी. पण पुन्हा कधी त्यांना काही विचारले नाही.

मित्रांनो, मला पुसले नाही, रंग दिला नाही, तरी चालेल. पण कुणाच्या नावाचे पत्र तुमच्या हाती आले तर ते त्याच दिवशी त्याला द्या. तो रडेल. रडू द्या, आणि त्याच्या शेजारी बसून राहा.