उसनी नस

“दाब. जीभ दाब दातांवर. जोर लाव की गं!”

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, दुकानातले नवे स्टीलचे ताट आईच्या तोंडासमोर धरले होते. घरातला आरसा तिने काढून कपाटामागे ठेवला होता आणि ती तो परत लावू देत नव्हती. पण औशाच्या बाजारपेठेत ज्याचे भांड्यांचे दुकान आहे, त्याचे आरशावाचून काय अडणार? ताटावरचे कंपनीचे लेबलही त्यांनी काढले नव्हते.

“दाबायलेय की,” आई म्हणाली. शब्द जड, ओले येत होते.

“मग हलंना कसं?”

“मला काय इचारताव? तुमच्या डाक्टरला इचारा.”

“हलंल. आज न्हाई तर उद्या. तू हासायचं सोडू नको.”

“हासायलेय कुठं? ताटाला जीभ दाखवायलेय, येड्यावानी.”

अण्णा हसले. आईच्या तोंडाची डावी बाजू तेवढी हलली. उजवी ओल्या कापडासारखी लोंबत राहिली. मी नुकतीच नांदेडहून आले होते, पिशवी अजून खांद्यावर होती. मी दारातच थांबले.

तिच्या उजव्या कानामागे गाठ झाली होती. साधीच गाठ, पण ती काढताना चेहऱ्याची नस गेली. डोळा मिटेना, पाणी ओठातून गळू लागले. आई अंगणवाडीत सेविका. गावातल्या कितीतरी पोरांनी पहिली बडबडगीते तिच्या मांडीवर बसून म्हटली होती. रजा संपवून ती गेली, तेव्हा पहिल्याच सकाळी एक चिमुरडी तिला पाहून किंचाळली आणि आपल्या आईच्या साडीत शिरली. दुसऱ्या दिवशी आई अर्धे तोंड पदराने झाकून बसली. मग जाईनाशीच झाली.

लातूरच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. जीभ हलवणाऱ्या दोन नसा असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. उजवी कापून चेहऱ्याच्या नशीला जोडायची. तेवढ्या बाजूची जीभ सुकणार. पण जोड धरला, तर जीभ दाबली की गाल हलेल. धरला नाही, तर जीभही गेली आणि चेहराही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, वाचायची सवय आहे. या नशीबद्दल मिळेल ते वाचले आणि प्रत्येक पानासरशी भीती वाढत गेली.

“या वयात तोंडाचं काय करायचंय महानंदा?” जगदेवी आत्या म्हणाली होती. “पुन्हा कुणी बघायला येणार हाय का तुला?”

“पोरं भेतेत मला, वन्सं,” आई म्हणाली. तेवढ्यावर ऑपरेशन ठरले.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला सांगितली, तर ती उजवीकडे वाकली. पाण्याच्या पहिल्याच घोटाला असा ठसका लागला, की आईने पलंगाची कड धरली आणि मी नुसतीच ओरडले. तेव्हापासून घरी जेवणाची वेळ झाली, की नांदेडला मी फोन जवळ घेऊन बसे. अण्णा तिच्या समोर बसत. तिचा घास खाली उतरेपर्यंत स्वतःचा हातातच धरून ठेवत. त्यांच्याखेरीज ती कुणासमोर जेवत नसे. महिने गेले. डॉक्टर म्हणत, थांबा, नस हळू वाढते. अण्णा रोज ताट घेऊन बसत.

म्हणून भरदुपारी घरचा फोन आला, तेव्हा मी विचारलेसुद्धा नाही. मनात म्हटले, घास अडकला.

पण फोन आईबद्दल नव्हता. दुकानात हंड्यांची उतरंड लावता लावता अण्णा खाली बसले होते, ते उठलेच नाहीत.

शिवगणाराधनेच्या, म्हणजे अण्णांमागच्या जेवणाच्या, दिवशी घर माणसांनी भरले. फोटोला विभूती लावली होती. त्यापुढे नैवेद्याचे ताट होते, लेबलाचा अर्धा कागद अजून काठाला चिकटलेला. बायकांच्या पंगतीत आई पदर पुढे ओढून बसली होती. अण्णा गेल्यापासून तिने चहा आणि पातळ पेजेवर दिवस काढले होते. समोर बसायला कोणी नव्हते.

“घास घे माय,” आत्या म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. “तू उपाशी असल्यावर त्याच्या जिवाला बरं वाटंल का?”

वाटीत हुग्गी होती, गव्हाची खीर. मी पाण्याचा तांब्या घेऊन आईच्या मागे उभी राहिले. एवढ्या लोकांत ठसका लागला तर काय करायचे, तेच डोक्यात होते. आईने घास घेतला. जिभेने तो टाळूला दाबला.

आणि तिचा उजवा गाल उचलला गेला. ओठाचा कोपरा वर गेला, क्षणभर थांबला, खाली आला.

पंगतीत कुणाचा तरी हात थांबला. “हासायलीय का काय?” कोणीतरी कुजबुजले.

“असं कसं बोलताव? दुःखानं होतंय तसं,” दुसरी म्हणाली, पण तीही बघतच राहिली.

मला ओरडून सांगावेसे वाटले, की ती हसत नाही, नशीचा जोड धरला आहे.  नवऱ्याच्या जेवणात बाई हसली, हे आता गावभर होणार होते. आईला अजून कळले नव्हते. तिने मागे वळून माझे तोंड पाहिले, मग गालावर बोट ठेवले आणि जीभ पुन्हा दाबली. बोटाखाली गाल हलला. तिने झटकन पदर ओढला.

“काय झालं गं?” आत्याने विचारले.

 वाटी उचलून आई उठली, पंगतीतून वाट काढत फोटोसमोर जाऊन मांडी घालून बसली. नैवेद्याचे ताट जरा बाजूला सरकवले. डोक्यावरचा पदर मागे टाकला.

दुसरा घास घेतला. गाल उचलला गेला. तिसरा घेतला.

ती अण्णांकडे तोंड करून सावकाश जेवत होती.  मी तांब्या धरून मागेच उभी होते, वाटी संपेपर्यंत. ठसका लागला नाही.