दुसरी फुली

"बटाटे कुस्करतोयस की पक्ष चालवतोयस, आल्विन? मघापासून दणादण चाललंय, पण पुढं काही सरकत नाही!" पिंपात लोण्याचा गोळा टाकत नेस्टर बोदनारने टोमणा मारला.

सुगी आटोपली की ग्रिम्सवुडच्या चर्चच्या हॉलात टर्कीचं गावजेवण व्हायचं. त्यातले बटाटे या दोघांनीच कुस्करायचे, असा शिरस्ता होता. आल्विन थोरलाक्सन हा लोहमार्ग पक्षाचा कायमचा उमेदवार आणि नेस्टर सत्तेतल्या मोठ्या पक्षाचा गावातला खंदा कार्यकर्ता. निवडणुकीत तोंड फिरवायचं आणि बटाट्यांना एकत्र यायचं, याचं कुणालाच नवल वाटत नसे.

लोहमार्ग पक्षाची कुळकथा लांबलचक होती, पण ऐकणारं आता कुणी उरलं नव्हतं. रेल्वे कंपनीने गावाकडचा फाटा बंद करायचं ठरवलं तेव्हा शेतकऱ्यांनी चिडून पक्ष काढला. आल्विन तेव्हा रुळालगतच्या धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळायचा. एकदा, फक्त एकदाच, पक्षाचा माणूस विनिपेगच्या विधानसभेत निवडून गेला आणि वर्षाच्या आत सरकारी बाकांवर जाऊन बसला. मग रूळ उखडले, कोठार पाडलं, पण पक्ष राहिला. "गाडी गेली, आता हा स्टेशन राखतोय," असं गाव म्हणायचं. आल्विनची बायको सिग्रुन तर भर पंगतीत सांगायची, "पक्ष आहे म्हणून बरंय, नाहीतर दिवसभर माझ्याच डोक्यावर बसला असता!"

गेल्या कित्येक निवडणुकांत ग्रिम्सवुडच्या केंद्रावर त्याला दोनच मतं पडत. एक त्याचं, दुसरं सिग्रुनचं. गावाने ते गृहीतच धरलं होतं, आणि आल्विनने तर त्यावरच तग धरला होता.

सिग्रुन वसंतात गेली. सप्टेंबरात निवडणूक झाली, आणि मतं पुन्हा दोनच निघाली.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात भुंगा शिरला होता. हे दुसरं मत कुणाचं? आधी गंमत वाटली. त्याने पोस्टातल्या बाईंना आडून आडून विचारलं, पाद्रीबाबांच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते पाहिलं. मग एका सकाळी कॉफी ओतताना त्याच्या मनात भलतंच आलं. हा मतदार आज आहे, तर तो आधीपासूनही असेल. मग सिग्रुनचं मत इतकी वर्षं जात होतं तरी कुणाला?

"नेस्टर," हात थांबवून तो म्हणाला, "तू मोजणीला होतास. माझी दुसरी मतपत्रिका आठवते?"

"कसली?"

"फुली वेडीवाकडी होती बघ. गोलातून अर्धी बाहेर. अधिकाऱ्याने उलटसुलट करून सगळ्यांना दाखवली."

"असेल. म्हाताऱ्यांचे हात कापतात."

"तू हरकत घेतली नाहीस."

नेस्टर मिठाचा डबा शोधू लागला. डबा समोरच होता. पक्षाचा प्रतिनिधी म्हणून मोजणीला बसून फुलीत खोट काढण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. एकदा तर पेन्सिलीचा नुसता ठिपका पाहून त्याने अख्खी मोजणी अडवून धरली होती.

"बटाटे गार होतायत," तो पुटपुटला.

"होऊ देत." आल्विन हटेना. "सिग्रुनने मला कधी मत दिलंच नाही, असंच ना? दर वेळी माझ्याच गाडीतून यायची, परतताना 'दिलं रे बाबा तुला' म्हणायची. चेष्टाच करत होती माझी."

"गप रे!" नेस्टरने डाव आपटला. "तिच्याबद्दल तोंडाला येईल ते बोलू नकोस. दिलंय तिने. दर वेळी दिलंय."

"तुला काय माहीत?"

नेस्टरने दाराकडे पाहिलं. हॉलात खुर्च्या सरकत होत्या, बायका केक कापून ताटल्यांत मांडत होत्या. कुणाचं इकडे लक्ष नव्हतं.

"इस्पितळात गेलो होतो तिला बघायला. म्हणाली, मी नसले तरी हा मोजणीला जाऊन बसणार. नाव एकदाच वाचलं गेलं तर त्या रिकाम्या घरात कसा परत जाईल तो? माझ्या जागी तू दे."

आल्विनने हातातली कुस्करणी बाजूला ठेवली.

"मी म्हटलं, बाई, दुसरं काहीही सांग. माझ्या आजाने, बापाने कधी दुसरीकडे फुली मारली नाही. माझा हात झडेल."

"मग?"

"मग काय! म्हणाली, डाव्या हाताने मार."

आल्विनला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याने ॲप्रनला डोळे पुसले. सिग्रुनच ती! पक्षाच्या सबंध इतिहासात विरोधकांचा माणूस फोडणं फक्त तिलाच जमलं होतं. आत्ता ती इथे असती तर काय मजा आली असती, असं त्याला वाटलं, आणि ती नाही हे पुन्हा नव्याने लागलं.

"कुठं बोललास तर बघ," नेस्टर म्हणाला. "गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही मला."

"नाही बोलत. आणि पक्षही आता बंद करतोय या हिवाळ्यात. पुढच्या वेळी तुझ्या लोकांना दे बाबा, उजव्या हाताने."

नेस्टरने आपटलेला डाव उचलून पुसला. "बंद कशाला करतोस?" तो म्हणाला. "मग मी हरकत घ्यायची कुणावर?"

"अरे, बटाटे आणताय की पेरताय?" बाहेरून हाळी आली.

दोघांनी पिंपाच्या दोन बाजूंच्या कड्या धरल्या. आल्विनने उजव्या हाताने, नेस्टरने डाव्या. पिंप चांगलंच जड होतं, पण टेबलापर्यंत कुणी हात बदलला नाही.